पिलाचे पाय

अकबराच्या दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरं होती, असं अबुल फजल 'आइने-अकबरी'त लिहितो. कबुतरं उडवण्याला बादशहा 'इश्कबाजी' म्हणे. शायराला आणखी काय हवं! पण श्रोतेहो, मोजदाद होते ती उडणाऱ्यांची. घरट्यात पाय फाकून पडलेलं पिलू कोण मोजणार?

'जन्माचंच अधू' म्हणून अशी पिलं टाकून दिली जात. हा समज हलवला तो कोंबड्यांनी. 1890च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, डॉ. क्रिस्तियान आइकमन यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लटपटू लागल्या, पायांतलं बळ गेलं. काही महिन्यांनी त्या बऱ्याही झाल्या. आजारी असताना त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळत होता. मग नवा खानसामा आला. लष्करी भात मुलकी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला! कोंड्यासकट तांदूळ मिळताच कोंबड्या उभ्या राहिल्या. त्या धाग्यातून जीवनसत्त्वांचा शोध लागला. 1929 साली आइकमन यांना नोबेल मिळालं.

पुढे 1936 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर यांनी दाखवलं, की खाद्यात मँगनीज कमी पडलं तर कोंबडीच्या पिलाच्या टाचेच्या सांध्यावरची दोरीसारखी शीर सरकते आणि पाय वाकडा होतो. एकदा सरकलेली शीर मात्र नुसत्या खाद्याने परत येत नाही.

कबुतराच्या पिलाचा शत्रू बहुतेकदा याहून साधा असतो, गुळगुळीत तळ. फरशी, पत्रा, कागद. (हे छापलंय तो कागदसुद्धा घरट्यात अंथरू नका.) पाय घसरून फाकतात आणि कोवळी हाडं तशीच वाढतात. आमच्या मोहल्ल्यातले कबुतरवाले चाचा मडक्याच्या खापरीत सुतळीची चुंबळ ठेवायचे. पिलाचे दोन्ही पाय अंगाखाली येतील एवढं अंतर राखून मऊ लोकरीने बांधायचे. पक्ष्यांचे डॉक्टर आज मऊ पट्टीने हेच करतात. पहिल्या आठवड्यात बांधलं तर गुण येतो. उशीर झाला की हाडं घट्ट होतात. चाचा रोज बंध सोडून सूज बघत. पिलू आईबापाजवळच ठेवत, कारण नर-मादी दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दूध पाजतात, ते काम माणसाला जमत नाही.

बांधलेली सगळीच उभी राहिली नाहीत. एक मादी शेवटपर्यंत लंगडली. तिने दोनदा पिलं वाढवली.