शिट्ट्या, गल्ला आणि भरतमुनी

सुपरहिरोच्या चित्रपटाने तिकीटबारीवर विक्रम केला की आपल्याकडच्या जाणकारांचा निकाल तयारच असतो. अफाट जाहिरात केली, सगळे पडदे अडवून ठेवले, मग पब्लिक जाणार कुठे? आणि थिएटरात शिट्ट्या, किंकाळ्या, रडारड झाली तर तो कळपाचा गोंगाट, रसिकतेशी त्याचा संबंध काय? 26 एप्रिल 2019 रोजी मार्व्हलच्या सुपरहिरोपटांच्या मालिकेतला ‘अॅव्हेंजर्स: एंडगेम’ भारतात लागला तेव्हा हा निकाल मी बऱ्याच सुशिक्षित तोंडांतून ऐकला. काही मल्टिप्लेक्सनी अपरात्री आणि पहाटे खेळ लावले होते, तीन तासांच्या चित्रपटाला झोप मोडून माणसे जात होती. पहिल्या आठवड्याअखेरपर्यंत जगभरात सुमारे 122 कोटी डॉलर जमा झाले. भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा चार भाषांत मिळून अखेरीस साडेतीनशे कोटी रुपयांच्या वर. ज्यांनी चित्रपट पाहिलाही नव्हता त्यांना हे आकडे प्रेक्षकांच्या बावळटपणाचा पुरावा वाटले.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडल्याचा आनंद मानायचा, हे वादाच्या रीतीला धरून नाही. म्हणून या मताचा सर्वांत सबळ पुरस्कर्ता घेऊ. अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी ऑक्टोबर 2019 मध्ये एका मुलाखतीत मार्व्हलपटांना सिनेमा मानायला नकार दिला आणि त्यांची तुलना करमणूक-उद्यानांशी केली. गदारोळ झाला. मग नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून त्यांनी आपले म्हणणे नीट मांडले. या चित्रपटांत जोखीम नसते. सगळे बाजारपेठेत तपासून, घोटून घेतलेले असते. आणि लोकांना हेच हवे आहे असे कोणी म्हणत असेल तर ते मान्य नाही, कारण एकाच तऱ्हेचा माल सतत समोर ठेवला आणि सतत विकला तर लोक तोच मागणार. मागणीच मुळात घडवलेली आहे. स्कॉर्सेसींनी प्रेक्षकांना मूर्ख म्हटलेले नाही, हे आधी नोंदवायला हवे. ती भर आपल्याकडच्यांची.

या मताला तर्कशास्त्राच्या साच्यात बसवले तर त्याची व्याप्ती अशी होते: जिथे जिथे मोठी जाहिरात आणि पुष्कळ पडदे, तिथे तिथे मोठे यश. व्याप्ती मोडायला एक व्यभिचार, म्हणजे नियम मोडणारे एक उदाहरण, पुरतो. इथे तर रांग लागली आहे.

‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ मार्च 2016 मध्ये आला. जगातले दोन सर्वाधिक ओळखीचे सुपरहिरो, पाठीशी वॉर्नर ब्रदर्सचा पैसा, हवे तितके पडदे. अमेरिका-कॅनडात पहिल्या तीन दिवसांत 16.6 कोटी डॉलर आले. दुसऱ्या आठवड्याअखेरीस कमाई 69 टक्क्यांनी कोसळली आणि गाडी तिथे 33 कोटींवर थांबली, म्हणजे ओपनिंगच्या जेमतेम दुप्पट. दोन वर्षांनी ‘ब्लॅक पँथर’ आला. त्याचा नायक बॅटमॅन-सुपरमॅनइतका ओळखीचा नव्हता. ओपनिंग 20.2 कोटी, अखेरची कमाई 70 कोटी, जवळजवळ साडेतीनपट. पहिला शुक्रवार जाहिरात विकत घेते, हे मी निमूट मान्य करतो. पण दुसरा शुक्रवार? तो पहिल्या शुक्रवारी बाहेर पडलेली माणसे घरी, कचेरीत, फोनवर काय सांगतात त्यावर ठरतो. ‘ब्लॅक पँथर’च्या वेळी हार्लेममधल्या मुलांना हा चित्रपट दाखवता यावा म्हणून लोकांनी वर्गणी जमवली होती, आफ्रिकी वस्त्रे लेवून माणसे खेळाला गेली होती. हा खर्च कुठल्या स्टुडिओच्या प्रसिद्धी-खात्यात पडत नाही.

अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची संस्था 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून एक साधे काम करते आहे. पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकाच्या हाती बाहेर पडताना कार्ड देते आणि शाळेसारखी श्रेणी मागते. यावर आक्षेप ठरलेला असतो की पहिल्या रात्री येतात ते भक्तच, ते चांगलीच श्रेणी देणार. खरे आहे. म्हणूनच तिथे ‘बी’ मिळणे हे सभ्य शब्दांत नापास होणे असते. ‘ब्लॅक पँथर’ला आणि ‘एंडगेम’ला ए-प्लस मिळाला. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ला बी. पुढे मार्व्हलच्याच ‘एटर्नल्स’ला बी आणि फेब्रुवारी 2023 च्या तिसऱ्या ‘अँट-मॅन’लाही बी. हा अँट-मॅन अमेरिका-कॅनडात पहिल्या तीन दिवसांत साडेदहा कोटी डॉलर घेऊन आला आणि दुसऱ्या आठवड्याअखेरीस सुमारे 70 टक्क्यांनी आपटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘द मार्व्हल्स’ची जगभरची कमाई साधारण 20 कोटी डॉलरांवर संपली, त्याआधीच्या ‘कॅप्टन मार्व्हल’ने 113 कोटी कमावले होते. प्रतिपक्ष म्हणेल की ‘द मार्व्हल्स’च्या वेळी कलावंतांचा संप होता, नटांना प्रसिद्धी करता आली नाही. ठीक आहे, तो सोडून देऊ. अँट-मॅनच्या वेळी तर संप नव्हता.

आता मागणी घडवली जाते या म्हणण्याकडे. घडवलेली मागणी अशी पंधरा दिवसांत पाठ फिरवत नाही. आणि ती फिरली ते वर्ष कोणते? 2023. ज्या वर्षी तीन तास शास्त्रज्ञ, वकील आणि समित्यांचे संवाद ऐकायला लोक ‘ओपनहायमर’ला गेले आणि त्याने 95 कोटी डॉलरांच्या वर मजल मारली. दुसरे काही मागायची सवयच ज्यांची मोडली होती म्हणतात, ते हेच प्रेक्षक. मग लगेच नवे सूत्र निघाले की सुपरहिरोंचा कंटाळा आला. जुलै 2024 मध्ये लागलेल्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने 130 कोटी डॉलर ओलांडले आणि तेही सूत्र गळपटले.

इथे कोणी ‘एंडगेम’चाच दाखला माझ्यावर उलटवेल. त्याचीही कमाई दुसऱ्या आठवड्याअखेरीस निम्म्याहून खाली आली होती. हो, आली होती, अमेरिका-कॅनडात 35.7 कोटी डॉलरांवरून सुमारे 14.7 कोटींवर. पण ज्यांना जायचे होते त्यांतले पुष्कळ जण पहिल्या तीन दिवसांतच गेले होते, कारण शेवट कोणी सांगून टाकेल ही धास्ती होती. दिग्दर्शक रुसो बंधूंनी जाहीर पत्र लिहून गुपित न फोडण्याची विनंती केली होती. ही धास्ती जाहिरातीने पेरता येत नाही. ज्या गोष्टीत माणूस अकरा वर्षे गुंतलेला आहे तिचाच शेवट कोणी फोडेल अशी भीती वाटते. साबणाच्या जाहिरातीचा शेवट कळला म्हणून कोणी हळहळत नाही.

खरा मुद्दा त्या आरडाओरड्याचा आहे, आणि तो जवळून पाहिल्याशिवाय सुटणार नाही. ‘एंडगेम’च्या शेवटच्या लढाईत खलनायक थॅनॉस थॉर या वीराला जमिनीवर दाबून त्याचीच कुऱ्हाड त्याच्या छातीत रेटत असतो. बाजूला पडलेला थॉरचा जुना हातोडा हलतो, उचलला जातो, थॅनॉसवर आदळतो आणि उलटा उडत जाऊन एका हातात स्थिरावतो. तो हात कॅप्टन अमेरिकाचा. बस्स. याचा अर्थ काय हे कोणी सांगत बसत नाही. थॉर फक्त आनंदाने ओरडतो की त्याला हे ठाऊकच होते. जगभरच्या थिएटरांत याच क्षणी छत कोसळेल असा गलका झाला. लोकांनी फोनवर टिपलेले त्या गलक्याचे आवाज नंतर कितीतरी दिवस फिरत होते.

या मालिकेतला एकही चित्रपट न पाहिलेला माणूस त्या खुर्चीत बसवा. त्याला दिसेल ते एवढेच: एकाने दुसऱ्याचे हत्यार उचलले. ओरडण्यासारखे त्यात काय आहे? ओरडण्यासारखे आहे ते 2011 च्या ‘थॉर’मध्ये, जिथे बाप ओडिन त्या हातोड्यावर अट घालतो की जो लायक असेल त्यालाच तो उचलता येईल. आणि ते 2015 च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्येही आहे. मेजवानीनंतर बरेच वीर थट्टेत तो हातोडा उचलून बघतात, कुणालाच जमत नाही, कॅप्टन जोर लावतो तेव्हा तो किंचित, अगदी केसभर हलतो आणि थॉरच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभर विझते. तेवढेच. चित्रपट पुढे जातो. त्या चेहऱ्याची आठवण प्रेक्षकाने चार वर्षे सांभाळली होती. त्याच 2015 च्या चित्रपटाच्या शेवटी कॅप्टन साथीदारांना हाक द्यायला तोंड उघडतो आणि दिग्दर्शक वाक्य अर्ध्यावर कापतो. ती हाक पुरी होते थेट ‘एंडगेम’मध्ये, आणि तीही जवळजवळ पुटपुटल्यासारखी. एवढ्या मोठ्या सैन्यासमोर एवढ्या हळू आवाजात! तरी तिथे लोकांनी खुर्च्या सोडल्या.

ज्या प्रतिक्रियेला पूर्वस्मरण लागते, तिला कळपाचा गोंगाट म्हणता येत नाही. कळपाला आठवण लागत नाही, शेजारचा पळाला की पुरते. बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्स मोअर’ देणारा प्रेक्षक ते पद प्रथमच ऐकत होता असे कोणी समजत नाही.

अभिनवगुप्ताने सहृदयाची जी कल्पना मांडली तिच्यात काव्याच्या सततच्या अनुशीलनाने मनाचा आरसा लख्ख झालेला असणे ही अट आहे. सहृदय जन्मतो कमी, घडतो जास्त. यावर तत्काळ उत्तर येईल की मार्व्हलचे 22 चित्रपट पाहणे म्हणजे काव्यानुशीलन नव्हे, ती मालाशी झालेली सलगी. शंका रास्त आहे. पण मालाशी सलगी असती तर शिक्का तोच असताना ‘एटर्नल्स’ आणि अँट-मॅन यांनाही ए-प्लस पडायला हवा होता. ज्यांनी हातोड्यासाठी खुर्च्या सोडल्या त्यांनीच, तोच शिक्का, तेच कारखानदार असताना, कार्डावर बी लिहिला. नकार देता येणे हीच अभ्यासाची खूण. आपल्या विद्वानांना टाळ्या ऐकू येतात, ते बी मात्र दिसत नाहीत.

आणि गोंगाट असभ्य असतो म्हणणाऱ्यांनी ‘नाट्यशास्त्रा’चा सत्ताविसावा अध्याय एकदा उघडावा. प्रयोगाची सिद्धी, म्हणजे यश, कशावरून ओळखावी याची तिथे भरताने चक्क यादी दिली आहे. सिद्धीचे दोन प्रकार, मानुषी आणि दैविकी. मानुषीची लक्षणे प्रेक्षकांच्या वाणीत आणि शरीरात दिसतात: स्मित, मोठे हसणे, ‘साधु’, ‘अहो’ आणि करुण प्रसंगी ‘कष्टम्’ असे उद्गार, वाढत जाणारा कोलाहल, अंगावर रोमांच, आसनावरून उठून उभे राहणे, अंगावरचे वस्त्र काढून देणे. दैविकी सिद्धीत मात्र रंगगृह भरलेले असते आणि आवाज नसतो. भरत दोहोंनाही सिद्धी म्हणतो. त्याच अध्यायात तो असेही सांगतो की वेगवेगळ्या वयाचे आणि वृत्तीचे प्रेक्षक वेगवेगळ्या गोष्टींनी रंगतात: शूरांना युद्ध, वृद्धांना पुराणकथा, तरुणांना शृंगार. एकाच कसोटीने सर्वांना मोजू नये इतके भान त्याला होते. ‘एंडगेम’च्या खेळाला भरत बसला असता तर हातोड्यापाशी त्याने कोलाहल आणि अभ्युत्थान टिपले असते, आणि टोनी स्टार्क या नायकाच्या अंत्यविधीपाशी दुसऱ्या प्रकाराची नोंद केली असती. सभागृह तेच, प्रेक्षक तेच, अंतर अर्ध्या तासाहून कमी. कळपाला असे दोन्ही साधत नाही.

याचा अर्थ गल्ला म्हणजे गुणवत्ता, असे मी म्हणतो आहे का? मुळीच नाही. तो विरुद्ध टोकाचा हेत्वाभास, आणि तो चाहत्यांमध्ये फोफावलेला आहे. विक्रमांच्या यादीतला क्रमांक तर फारच पोकळ. जुलै 2019 मध्ये ‘एंडगेम’ने ‘अवतार’ला मागे टाकले, पण त्याआधी जूनच्या अखेरीस थोडी भर घालून तो पुन्हा प्रदर्शित करावा लागला होता. मार्च 2021 मध्ये ‘अवतार’ चीनमध्ये पुन्हा लावला आणि पहिला क्रमांक परत घेतला. दोन्ही चित्रपटांतले एक चित्रही त्यामुळे चांगले किंवा वाईट झाले नाही. तिकिटांचे वाढते दर आणि डॉलरच्या किमतीतली घसरण धरली तर 1939 चा ‘गॉन विथ द विंड’ या सगळ्यांच्या पुढे जातो. ‘एंडगेम’ची कथा पहिला दीड तास कालप्रवासाच्या नियमांत अडखळते, आणि त्या अखेरच्या लढाईचा राखाडी चिखल डोळ्यांना शिणवतो, हे माझे मत त्याच्या जगभरच्या 280 कोटी डॉलरांनी तसूभर हलत नाही. माझे म्हणणे इतकेच की आकडा चित्रपटाची किंमत सांगत नसला तरी प्रेक्षकांबद्दल काहीतरी सांगतो, आणि ते ‘मूर्ख’ हे नाही.

इंटरनेटवरचा कलकलाटही प्रेक्षक-प्रतिक्रिया म्हणून पुढे केला जातो. ‘कॅप्टन मार्व्हल’ लागण्याआधीच काहींनी ‘रॉटन टोमॅटोज’वर तो नको असल्याचा इतका मारा केला की त्या संकेतस्थळाने प्रदर्शनापूर्वीचा तो कौलच बंद केला. चित्रपट न पाहता दिलेला कौल. भरताच्या यादीत त्याला जागा नाही.

उरतो पडद्यांचा प्रश्न, आणि तो खरा आहे. मोठा चित्रपट आला की मराठी चित्रपटाला सकाळी साडेनऊचा खेळ मिळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण प्रेक्षक रसिक आहेत की नाहीत या वादात हा प्रश्न आणणे म्हणजे न्यायशास्त्रात ज्याला अर्थांतर म्हणतात ते निग्रहस्थान, विषय सोडून भलतेच बोलणे. राज्य सरकारने एप्रिल 2015 मध्ये मल्टिप्लेक्सना संध्याकाळच्या मुख्य वेळेत मराठी चित्रपट दाखवणे सक्तीचे केले आणि बोंबाबोंब झाल्यावर ती वेळ दुपारी 12 ते रात्री 9 अशी सैल केली. तो नियम कोण पाळतो, कोण मोडतो, मोडल्यावर काय होते, याची झाडाझडती थिएटरमालक, वितरक आणि मंत्रालय यांच्यात व्हावी. पहाटेच्या खेळाला तिकीट काढून गेलेल्या पोरांना त्यासाठी कशाला धारेवर धरायचे?