नजराण्याचें वजन : चिनी कांस्यपात्रें व रायगडची अंगठी

जुन्या धातूच्या वस्तूचें मोल भारावरून ठरवावें कीं तिच्या पूर्ववृत्तावरून, हा प्रश्न संग्राहकांपुढें वारंवार येतो. एखादा ताम्रपट मोडींत निघून कासाराच्या तागडींत पडला, कीं एका घराण्याचा इतिहास मुशींत आटतो. या प्रश्नाचा एक प्राचीन निर्णय 'त्सो-च्वान' या चिनी इतिहासग्रंथांत आहे; तो वाचकांस सादर करितों.

चीन देशांत 'दिंग' नांवाचें तीन किंवा चार पायांचें कांशाचें पात्र पितरांच्या नैवेद्याचें मांस शिजविण्यास योजीत. चौ घराण्याच्या काळीं नऊ दिंग हें सार्वभौमत्वाचें चिन्ह मानीत. इ. स. पूर्वी ६०६ मध्यें छू देशच्या च्वांग राजानें त्यांचें वजन विचारलें. चौ राजाचा दूत वांगसुन मान यानें महत्त्व राजाच्या सद्गुणांत आहे, पात्रांत नाहीं, असें उत्तर दिलें. वजनाच्या पृच्छेमागील राज्यलोभ त्यानें नेमका ओळखला.

हेंच पात्र नजराणा झालें म्हणजे त्यास दात्याचा हेतु चिकटतो. इ. स. पूर्वी ७१० मध्यें सुंग देशच्या ह्वा-तू यानें आपल्या राजाचा वध केला व लू देशाच्या अधिपतीस गाऊ देशचें दिंग पाठवून त्याची अनुकूलता मिळविली. लूच्या अधिपतीनें तें पितृमंदिरांत ठेविलें, तेव्हां मंत्र्यानें निषेध केला. लांच देवघरांत मांडल्यावर लांचखाऊ सेवकांस शासन कसें करावें, हा त्याच्या म्हणण्याचा आशय होय.

कित्येक चौकालीन पात्रांवर राजानें दिलेलें दान कोरून, पुत्रपौत्रांनीं पात्र सदैव जतन करावें, अशा अर्थाचा शेवट केलेला असतो. आमच्या दानपत्रांतील 'आचंद्रार्क' व 'पुत्रपौत्रान्वयभोग्य' या पदांचें स्मरण कोणास होणार नाहीं?

आतां स्वदेशाकडे वळूं. शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३ रोजीं, म्हणजे ६ जून १६७४ ला, राज्याभिषेकप्रसंगीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडीं हजर होता. नारायण शेणवी यानें नजर करावयाची हिऱ्याची अंगठी दुरून उंच धरली. महाराजांनीं ती पाहून त्यांस सिंहासनाजवळ बोलाविलें. राजापूरच्या लुटीची भरपाई मागणाऱ्या कंपनीनें त्या अंगठीच्या रूपानें नव्या छत्रास मान्यता दिली, असें आम्ही समजतों. भाल्याच्या टोंकावरील सोन्याचा तराजू ऑक्झेंडननें तेथेंच पाहिला व तो न्यायाचें चिन्ह म्हणून नोंदविला. त्याच सालीं आमच्या धरणगांवीं इंग्रजांची वखार झाली. पुढील वर्षीं मराठ्यांनीं गांव लुटला, तेव्हां तीही वांचली नाहीं. नजराण्यानें बोलणें सुरू होतें, परंतु निर्धास्तपणा येत नाहीं.

ही प्रथा अद्याप जिवंत आहे. इ. स. १९९५ त संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुवर्णमहोत्सवीं चीननें त्यास कांशाचें दिंग दिलें. त्याची २.१ मीटर उंची एकविसाव्या शतकाची द्योतक मानिली आहे.

सेंद्रक जयशक्तीचा शके ६०२ चा मुंदखेडें ताम्रपट तांब्याच्या भावानें विकला गेला असता, तर खानदेशच्या इतिहासांतील एक पान कायमचें कोरें राहिलें असतें. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे, कीं वस्तु हातीं येतांच दाता कोण, ग्रहीता कोण, प्रसंग कोणता व ती कोणाच्या घरीं मिळाली, हें प्रथम टिपून ठेवावें. तागडी मग खुशाल काढावी.