शिलेदार आणि बारगीर : मराठी घोडदळातील चाकरीचे दोन मार्ग

मराठ्यांच्या घोडदळात स्वाराला चाकरीचे दोन मार्ग खुले होते आणि त्यांपैकी तो कोणत्या मार्गावर आहे हे त्याच्या पराक्रमावर नव्हे, तर तो बसत असलेला घोडा कोणाच्या मालकीचा आहे यावर ठरत असे. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, जो सरकारी पागेत, म्हणजे राज्याने स्वखर्चाने पोसलेल्या अश्वदळात, नेमणुकीच्या वेतनावर राहत असे तो बारगीर; आणि जो स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन, बहुधा आपल्यासोबत आणखी काही स्वार आणून, ठरलेल्या मोबदल्यावर मोहिमेपुरती चाकरी पत्करीत असे तो शिलेदार. ज्या शिलेदाराजवळ एकाहून अधिक घोडे असत, तो उरलेल्या घोड्यांवर स्वतःचे बारगीर बसवी. त्यामुळे एकच माणूस राज्याचा कंत्राटदार आणि दुसऱ्या काहींचा धनी अशा दोन्ही नात्यांनी एकाच वेळी बांधलेला असे.

शिवाजी महाराजांच्या काळातील पागेची रचना कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजारामांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत सांगितली आहे. तीनुसार २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी आणि त्यावर पंचहजारी अशी उतरंड असून, दर २५ घोड्यांमागे पाणी पुरविणारा पखालजी आणि नाल ठोकणारा नालबंद नेमलेला होता. शिलेदारही फौजेत होते आणि त्यांची संख्या थोडी नव्हती. महाराजांच्या अखेरच्या काळासाठी सभासदाने पागेचे ४५,००० आणि शिलेदारांचे ६०,००० स्वार दिले आहेत. हे आकडे फुगविलेले असतील असे मानले तरी त्यांतील प्रमाण बोलके आहे, कारण संख्येने शिलेदार अधिक असतानाही त्यांना पागेच्या आज्ञेत ठेवण्याचे धोरण बखरकार आवर्जून नोंदवतो, आणि त्याचे कारण म्हणून कोणाला बंड करण्याचे सामर्थ्य उरू नये, हा हेतूही तो सांगतो.

बारगीर आणि शिलेदार या दोन अवस्थांमधली ये-जा हा या व्यवस्थेचा खरा गाभा होय. लुटीतला वा बक्षिसाचा पैसा गाठीला लागला, अथवा सावकाराने कर्ज दिले, की बारगीर घोडा विकत घेऊन शिलेदार होऊ शके; त्याचा मोबदला वाढे, मानही वाढे, पण घोड्याच्या चंदीचा, म्हणजे दाण्याचा, आणि वैरणीचा खर्च, त्याचे आजारपण व मृत्यू हे सारे त्याच्या माथी येई. मोहिमेस निघण्यापूर्वी शिलेदाराला नालबंदी या नावाने उचल मिळत असे, जेणेकरून तो घोडा व साहित्य तयार करून हजर राहू शकेल. घोडा लढाईत पडला तर राज्याकडून नुकसानीची भरपाई देण्याचीही रीत होती. मात्र उचल वेळेवर मिळणे आणि भरपाई हाती पडणे या गोष्टी खजिन्याच्या स्थितीवर अवलंबून होत्या, आणि ज्याचा घोडा गेला व भरपाई आली नाही त्याला पुन्हा दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसण्यावाचून गत्यंतर नसे. शिलेदारीतले स्वातंत्र्य खरे होते. परंतु राज्याने आपल्या अंगावरची जोखीम स्वाराच्या अंगावर ढकलली होती, हेही तितकेच खरे होते.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाल्यानंतर आणि राजाराम महाराज जिंजीस गेल्यानंतर रिकाम्या खजिन्याला मोठी पागा पोसणे अशक्य झाले, तेव्हा स्वतःच्या बळावर फौज उभी करणाऱ्या सरदारांवर राज्याची भिस्त पडली. पुढे पेशवाईत हुजुरातीची, म्हणजे थेट धन्याच्या ताब्यातील, पागा राहिली. तथापि फौजेचा मोठा भाग सरंजामी सरदारांनी, म्हणजे फौज बाळगण्यासाठी मुलखाचा वसूल लावून दिलेल्यांनी, शिलेदार व बारगीर ठेवून उभा केलेला असे. सरदार कंठाजी कदम बांडे यांच्या पथकातून पेशवे बाजीरावांच्या चाकरीत आलेले मल्हारराव होळकर पुढे माळव्यातील मोठ्या मुलखाचे धनी झाले, यावरून अशा चाकरीची वाट किती उंच जाऊ शके ते दिसते. दुसरीकडे, घोडा हीच ज्याची सारी पुंजी, तो शिलेदार ती तोफांच्या तोंडी घालताना कचरत असे, अशी टीका इतिहासकारांनी केली आहे. ती वस्तुस्थितीला धरून असली तरी त्यासाठी स्वाराला भ्याड ठरविणे अन्यायाचे आहे, कारण भरपाईची शाश्वती देऊ न शकणाऱ्या खजिन्याचा तो दोष होता. महादजी शिंदे यांनी १७८४ पासून द बॉइन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या आणि त्यांच्या पगारासाठी दोआबातील मुलूख तोडून दिला, तो नेमस्त वेतनाच्या चाकरीकडे पुन्हा वळण्याचाच प्रयत्न होता.

इंग्रजांनी मात्र शिलेदारीच उचलली, कारण ती त्यांना स्वस्त पडत होती. १८१७ च्या पुणे तहानंतर पेशव्यांनी तोडून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नावर उभे राहिलेले पुणे सहाय्यक घोडदळ याच पद्धतीचे होते, आणि त्यातील सुमारे २५० स्वार १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने उभे होते. पुढे स्वाराने घोडा आणण्याऐवजी रिसाल्यात, म्हणजे घोडदळाच्या पलटणीत, ठरावीक रक्कम भरून असामी, म्हणजे सेवेतील आपली जागा, घ्यावी आणि घोडा रिसाल्याने पुरवावा असा प्रघात पडत गेला. नाव शिलेदाराचे राहिले, पण खरेदीचा व्यवहार स्वाराच्या हातून गेला. १९१४ मध्ये हिंदुस्थानी घोडदळाचे, मद्रासकडील तीन रिसाले वगळता, सर्व रिसाले शिलेदारी होते. पहिल्या महायुद्धात परमुलखात मेलेल्या घोड्यांची जागा भरणे या पद्धतीला झेपले नाही, सरकारला घोडे व साहित्य स्वतःच पुरवावे लागले, आणि १९२१ च्या सुमारास ३९ रिसाल्यांचे २१ करताना शिलेदारी बंद करून सर्व स्वारांना सरकारी घोड्यावर व सरकारी वेतनावर घेण्यात आले.