बाष्पयुगीन सोंगट्यांचे रंगकाम : एक ऐतिहासिक विचार

पटावरील खेळांतील सोंगट्या व लहान मूर्ती न रंगविलेल्या अवस्थेत विकत आणून त्या स्वहस्ते रंगविण्याचा छंद युरोप-अमेरिकेत आज चांगलाच रूढ झाला आहे. त्याची एक शाखा ‘स्टीमपंक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्पनासृष्टीत रमलेली आहे. वीज व खनिज तेल यांचे युग न येता वाफेच्याच बळावर जग पुढे चालत राहिले असते तर ते कसे दिसले असते, हे या सृष्टीचे मूळ सूत्र होय. पितळी नळ्या, दंतचक्रे, पाठीवर धुराडी वाहणारे लोखंडी यंत्रमानव हे तिचे नेहमीचे विषय. हा छंद वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु सोंगटी रंगवावयाची कोणी व कशासाठी, या प्रश्नांच्या अनुरोधाने पाहू गेल्यास त्यामागे श्रमाचा व ऐतिहासिक स्मृतीचा बराच मोठा पट उलगडतो. त्याचा संक्षेपाने विचार करण्याचे येथे योजिले आहे.

सोंगटीवरील रंगाचे मूळ कार्य खुणेचे होय. चौसराच्या सोंगट्यांचे चार रंग कोणती सोंगटी कोणाची एवढेच सांगतात. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइसविट्झ याने १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यातही नकाशावर मांडावयाचे लहान ठोकळे एका पक्षाचे निळे व दुसऱ्याचे तांबडे असत. पथकाचा प्रकार दाखविणारी चिन्हे त्यांवर काढलेली असत. येथे रंगाला सौंदर्याचे प्रयोजन नव्हते.

मूर्तीच्या रंगकामाची परंपरा याहून निराळी आहे. तिचे प्रमुख केंद्र जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे नगर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिल्पर्ट याने तेथे कथलाच्या चपट्या सैनिकांना नावलौकिक मिळवून दिला; १८३९ मध्ये हाइनरिक्सन याचा कारखाना निघाला. ओतकाम कारखान्यात होई, रंगकाम मात्र बहुतांशी घरोघरी, स्त्रिया व मुले यांच्या हातून, नगावर मोजल्या जाणाऱ्या तुटपुंज्या मजुरीवर होत असे. पुढे १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या घराण्याने शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची रीत बसविली. धातू वाचला, किंमत उतरली आणि सैनिकांच्या पलटणी घरोघरी पोचल्या. तेथेही कुंचला प्रामुख्याने स्त्रियांच्याच हाती होता. अंगरख्याचा रंग, पट्ट्याचा रंग, टोपीचा रंग सर्व ठरलेले. रंगविणारीस स्वातंत्र्य कशाचेच नव्हते. खऱ्या बाष्पयुगात, जेव्हा यंत्राने बहुतेक सर्व उद्योग व्यापले, तेव्हाही खेळण्यावरचा रंग हातानेच चढत होता, आणि तो हात निनावीच राहिला.

या खेळण्यांना प्रौढांच्या खेळाची प्रतिष्ठा देण्यात एच. जी. वेल्स यांचा वाटा मोठा आहे. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ मध्ये निघाले. ‘द टाइम मशीन’ (१८९५) व ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) या त्यांच्याच कादंबऱ्या, झ्यूल व्हेर्न यांच्या कृतींबरोबर, पुढे स्टीमपंकच्या आधारग्रंथांसारख्या ठरल्या. मूर्तींचा युद्धखेळ आणि वाफेची कल्पनासृष्टी यांचे धागे अशा रीतीने एकाच लेखकापाशी येऊन मिळतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. प्लॅस्टिक स्वस्त झाले, शिशाच्या विषारीपणाची जाणीव वाढली आणि १९६६ मध्ये ब्रिटन कंपनीने शिशाचे पोकळ सैनिक ओतणे थांबविले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये आला. १९७९ मध्ये इंग्लंडात ‘सिटाडेल मिनिएचर्स’ ही संस्था निघाली आणि १९८३ मध्ये तिच्या मूर्तींना ‘वॉरहॅमर’ हा खेळ लाभला. या मूर्ती न रंगविताच विकल्या जात. उत्पादकाची मजुरी वाचली, शिवाय रंग व कुंचले हा नवा माल त्यास विकावयास मिळाला. जे काम एके काळी पोटासाठी करावे लागे, त्याच कामासाठी आता ग्राहक पैसे मोजू लागला. १९८७ पासून तर त्यासाठी ‘गोल्डन डीमन’ ही स्पर्धाही भरू लागली. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने हे स्थित्यंतर विशेष नोंदण्याजोगे आहे.

‘स्टीमपंक’ हा शब्दही १९८७ चाच, तो के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन लेखकाने योजिला. खेळाच्या क्षेत्रात २००३ च्या ‘वॉरमशीन’ने वाफेवर चालणारे यंत्रयोद्धे लोकप्रिय केले, २००९ मध्ये ‘मॅलिफॉ’ आला. नेपोलियनचा शिपाई रंगविताना गणवेशाचा ग्रंथ प्रमाण मानावा लागतो. कल्पित यंत्रास असा ग्रंथ नाही. अस्तराचा हात दिल्यावर पितळेचा मूळ रंग द्यावयाचा, पातळ तपकिरी रंग रिवेटांच्या खाचांत उतरू द्यावयाचा, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळावयाच्या, ही रीत सर्वसामान्य आहे. त्यापुढचे निर्णय मात्र रंगविणाऱ्याचे. सांध्यांवर जंगाल किती, धुराड्यावर काजळी किती, गंज कोठवर पसरलेला, हे ठरविणे म्हणजे ते यंत्र किती वर्षे चालले, कोणी राबविले, त्याची निगा राखली की नाही, हे ठरविणे होय.

येथेच या छंदाचा इतिहासाशी खरा संबंध येतो. व्हेर्न यांच्या १८८० मधील ‘ला मेझों आ व्हापर’ या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती १८५७ च्या उठावानंतरच्या हिंदुस्थानातून गोऱ्या प्रवाशांची घरे ओढीत नेतो, आणि त्यांच्यातील एका कर्नलाच्या मनात नानासाहेब पेशव्यांवर सूड उगविण्याची इच्छा असते. आज मौजेचे वाटणारे हे यंत्र जेत्यांच्या नजरेतून कल्पिलेले आहे, ही गोष्ट मराठी अभ्यासकाच्या तरी दृष्टीआड होऊ नये. केवळ झळझळीत पितळ रंगविले तर साम्राज्याचे वैभव तेवढे उरते; कोळसा ओढणारे हात व खाणीतला अंधार त्यातून पुसला जातो. उलट, दोन बोटे उंचीच्या मूर्तीवर विचारपूर्वक चढविलेली काजळी त्या युगाच्या श्रमाची आठवण जागी ठेवते. न्यूरेंबर्गच्या घरांतून रंग भरणाऱ्या स्त्रियांस हा निवड करण्याचा अधिकार नव्हता. आजच्या छांदिष्टास तो लाभला आहे, आणि त्याचा उपयोग तो कसा करतो यावर त्याच्या पटावर उभे राहणारे बाष्पयुग कितपत खरे, हे अवलंबून राहील.