त्याग आणि तरतूद

नव्या प्राध्यापकाच्या घडणीचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न जुनाच आहे. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. आजीव सभासदांनी दरमहा ७५ रुपयांच्या घरातील वेतनावर २० वर्षे अध्यापनाचे व्रत घेतले. प्रशिक्षणाची वेगळी सोय नव्हती. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे विषय शिकविता शिकविताच गोपाळ कृष्ण गोखले घडले. परंतु वेतन व बाहेरील कमाई यांवरून सभासदांत मतभेद वाढले आणि १८९० मध्ये लोकमान्य टिळकांनी राजीनामा दिला. संस्था त्यागावर उभी राहते हे खरेच. मात्र ती टिकावयाची तर शिक्षकाच्या योगक्षेमाची तरतूद समाजानेच करावयास हवी. लोकाश्रयावर शतक ओलांडणाऱ्या ग्रंथालयाला हे निराळे सांगावयास नको.