एंजिनातील ठोका

मोटारगाडीचा वेग वाढविताना किंवा गाडी चढावर असताना पेट्रोल एंजिनातून येणारा, धातूवर हातोडीचे हलके घाव पडल्यासारखा आवाज. मोटारचालक व कारागीर यांच्यात तो ‘नॉकिंग’ या नावाने परिचित आहे. हा आवाज ऐकून एंजिनाचा एखादा भाग सैल झाला असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे मूळ इंधनाच्या ज्वलनात असते. हा भेद ओळखला गेल्यामुळे एंजिनाचा विकास शक्य झाला. मात्र ठोक्यावर योजलेल्या उपायाची किंमत जगाला जवळजवळ शंभर वर्षे मोजावी लागली.

कारण : सिलिंडरातील हवा व इंधनवाफ यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते व गुडदीच्या ठिणगीने पेटते. ज्योत गुडदीपासून क्रमाक्रमाने पसरत असताना तिच्या पुढील न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाऊन तापते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच ते आपोआप पेटल्यास दाब एकाएकी वाढतो, दाबतरंग सिलिंडराच्या भिंतींवर आदळतात आणि ठोका ऐकू येतो. प्रवेगक दाबला असता सिलिंडरात अधिक मिश्रण येऊन दाब व तापमान वाढतात. एंजिनाची गती कमी असल्यास आपोआप पेटण्यास वेळही जास्त मिळतो. म्हणून वरच्या गिअरमध्ये संथ चाललेल्या गाडीचा वेग एकदम वाढविताना ठोका विशेषेकरून जाणवतो. तीव्र ठोका दीर्घकाळ चालू राहिल्यास दट्ट्याचा माथा झिजतो किंवा वितळून त्यास भोक पडते.

संशोधन : १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विद्युत् आरंभक व विजेरीवर चालणारी प्रज्वलन पद्धती आली. तिचे जनक चार्ल्स केटरिंग (१८७६–१९५८) यांच्याकडे ठोक्याबद्दलचा दोष आला. त्यांनी १९१६ मध्ये हे काम टॉमस मिज्ली (१८८९–१९४४) या तरुण अभियंत्याकडे सोपविले. सिलिंडरातील दाबाचे छायाचित्रण करून मिज्ली यांनी दाखविले की, दाबातील आकस्मिक वाढ ठिणगी पडल्यानंतर, ज्वलन चालू असताना होते. अर्थात ठोका म्हणजे ठिणगीपूर्वीच होणारे अकाली प्रज्वलन नव्हे. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) यांनीही स्वतंत्रपणे हा भेद स्पष्ट केला आणि संपीडन गुणोत्तर बदलता येणाऱ्या एंजिनावर निरनिराळ्या इंधनांची तुलना केली.

इंधनास लाल रंग दिल्यास ते उष्णता लवकर शोषील, अशा तर्काने मिज्ली यांनी केरोसिनमध्ये आयोडीन मिसळले. ठोका थांबला, पण इतर लाल रंगांचा उपयोग होईना. तर्क चुकला, तरी इंधनात अल्प प्रमाणात मिसळलेल्या पदार्थाने ठोका थांबविता येतो हे सिद्ध झाले. त्यानंतर अनेक संयुगे तपासली गेली आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यंत प्रभावी असल्याचे आढळले. पेट्रोलच्या हजार भागांत त्याचा एक भागही लागत नसे. १९२३ मध्ये अमेरिकेतील डेटन येथे असे पेट्रोल प्रथम विक्रीस आले.

इंधनांच्या तुलनेसाठी १९२६ मध्ये ग्रेअम एडगर यांनी ऑक्टेन मापक्रम सुचविला. त्यात आयसोऑक्टेनाचे मूल्य १०० व नॉर्मल हेप्टेनाचे शून्य धरतात. इंधनाचे ऑक्टेन मूल्य जितके जास्त, तितके अधिक संपीडन गुणोत्तर वापरता येते व त्याच इंधनातून अधिक काम मिळते.

शिशाचे दुष्परिणाम : शिसे विषारी असल्याचे पूर्वीपासून ज्ञात होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका शुद्धीकरण कारखान्यात टेट्राएथिल लेडच्या विषबाधेने पाच कामगार मृत्युमुखी पडले. विक्री काही काळ थांबली, परंतु १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. अल्कोहॉल व बेंझीन यांनीही ठोका कमी होतो हे माहीत असताना, स्वस्त व अल्प मात्रेत पुरणाऱ्या शिशालाच पसंती मिळाली. वाहनांच्या धुरातून बाहेर पडणारे शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस विशेष घातक ठरते. १९६५ मध्ये क्लेअर पॅटर्सन यांनी मानवी शरीरातील शिशाचे प्रमाण नैसर्गिक प्रमाणाहून फार मोठे असल्याचे दाखविले. शिशामुळे उत्प्रेरकी परिवर्तक निकामी होत असल्याने १९७५ नंतर अमेरिकेत शिसेविरहित पेट्रोलचा प्रसार झाला. भारतात ते १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत आले आणि २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. २०२१ मध्ये अल्जीरियाने विक्री थांबविल्यावर रस्त्यावरील वाहनांसाठी त्याचा वापर जगभर संपला.

निदान व उपाय : प्रत्येक आवाज इंधनामुळेच येतो असे नाही. एंजिन थंड असताना येणारा व तापल्यावर मंदावणारा आवाज बहुधा झिजलेल्या दट्ट्याचा असतो. वेगाबरोबर वाढणारी बारीक टिकटिक झडपांच्या यंत्रणेतून येते. खोल, जड ठोका संयोगदांड्याचे धारवे झिजल्याचे दर्शवितो. एकेका सिलिंडराची ठिणगी बंद करून, कोणत्या वेळी आवाज कमी होतो हे पाहिल्यास सदोष सिलिंडर सापडतो. ज्वलनाचा ठोका मात्र प्रवेगक सोडताच थांबतो. त्यासाठी ठिणगीची वेळ थोडी मागे आणणे, ज्वलनकोठीतील काजळीचे थर काढणे, शीतनव्यवस्था व गुडद्या तपासणे आणि योग्य ऑक्टेन मूल्याचे पेट्रोल वापरणे हे उपाय करतात. आधुनिक एंजिनांत दाबविद्युत् संवेदक ठोक्याची कंपने टिपतो आणि नियंत्रक ठिणगीची वेळ लगेच बदलतो.

१९२० नंतरच्या दशकात मागे पडलेले अल्कोहॉलही पुन्हा उपयोगात आले आहे. इथेनॉलचे ऑक्टेन मूल्य उच्च असून, भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. मात्र इथेनॉलचे कॅलरीमूल्य पेट्रोलपेक्षा कमी असल्याने त्याच अंतरासाठी इंधन काहीसे जास्त लागते.