हस्ताचा भरवसा आणि झाडीतले तलाव

पाऊस पडेल की नाही, हा प्रश्न शेतकऱ्याला नवा नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शेतकऱ्याचा प्रश्न जरा निराळा आहे. त्याच्याकडे पाऊस पुष्कळ पडतो, सोलापूरकडच्या माणसाला हेवा वाटावा इतका. अडचण आहे ती तो केव्हा पडेल याची. धान हे पाण्यात उभे राहणारे पीक. रोवणीला पाणी हवे आणि भारी धान लोंबीवर येते त्या सुमारास, म्हणजे हस्तात, पुन्हा हवे. आषाढात नद्यांना पूर आले आणि हस्त कोरडा गेला, तर बांधीतले हिरवेगार धान पोचट राहते. चार महिन्यांच्या मेहनतीचा निकाल शेवटच्या पंधरवड्यात!

मग इथल्या माणसाने केले काय? नवससायास केले, हे तर झालेच. पण त्याने तलावही बांधले. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात, म्हणजे 1751 साली ते राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले त्याच्या आधी, तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन देण्याची वहिवाट होती. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचे नाव आजही तुकूम आहे, आणि खेड्यांच्या नावांतही हा शब्द भेटतो. राजाच्या पदरचे काही जात नसे, पण माणसाला जंगल तोडून पाळ घालायला मोठे कारण मिळे. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने या कामात विशेष नाव मिळवले.

या तलावांची रचना बघण्यासारखी असते. उताराच्या आडवी मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जादा पाणी जायला सलांग. वरच्या तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्यात. श्रीलंकेच्या कोरड्या भागात अशीच तलावांची माळ आहे. तिथल्या पराक्रमबाहूने बाराव्या शतकात समुद्र म्हणावा असा तलाव बांधला. आपल्याकडचे तलाव त्या मानाने लहान. पण पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत मिळून ते सहा हजारांवर आहेत, बरं का!

शिवाय शेतकरी सगळे पैसे एका डावावर लावत नसे. उंच बांधीत हलके धान, ते लवकर निघे. खोलगट बांधीत भारी. एक गेले तर दुसरे. आणि दोन्ही गेली तर मोह. मोहाची फुले गळतात चैत्राच्या सुमारास, धानाच्या हंगामाशी त्यांचा संबंध नाही. ती वाळवून ठेवायची, अडीअडचणीला उकडून खायची. शहरातल्या माणसाला मोह म्हटले की दारूच आठवते. गोंड-माडियांच्या घरी तो धान्याच्या कणगीइतका मोलाचा होता. म्हणूनच 1878च्या कायद्याखाली जंगले राखीव होऊ लागली, तेव्हा नुसते लाकूड गेले असे समजू नका. वाईट सालाची शिदोरी दुसऱ्याच्या परवानगीवर गेली.

1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत हादरला. त्यानंतर सरकारला मोठ्या तलावांची निकड पटली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत आसोलामेंढा, नलेश्वर, घोडाझरी हे तलाव उभे राहिले.

लहान तलाव मात्र मालगुजारांकडे होते. मालगुजारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात वेठ होती, जुलूम होता. पण पावसाळ्यापूर्वी पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, कोणाच्या बांधीला आधी पाणी द्यायचे हे ठरवणे, ही कामे गावातच होत, आणि रयतेचे पाण्यावरचे हक्क दप्तरी लिहिलेले असत. 1950च्या कायद्याने, म्हणजे हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात असताना, मालगुजारी गेली. ते योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आले. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’, आईचा भाऊ नव्हे! पण तुडूम उघडायचे कोणी, पाळ फुटली तर धावायचे कोणी, याचे उत्तर कागदावर सोपे आणि गावात अवघड झाले. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, काठांवर बेशरम माजली.

जंगलाचा हक्क मात्र काही अंशी परत आला. 2006च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पाण्याच्या बाबतीत लोकांचे डोळे गोसीखुर्दकडे लागले. वैनगंगेवरच्या या धरणाची कोनशिला 1988 साली बसली आणि कालव्यांना दशके लागली. त्याचे पाणी घ्यायला जुन्या आसोलामेंढ्याचीच उंची वाढवण्याचे ठरले. दरम्यान दरसाल हस्त येत होता. कधी बरसत होता, कधी नाही. ज्या गावांच्या पाळी शाबूत होत्या, त्यांनी तुडूम उघडून आपले धान वाचवले.